शेजारी शहरांचा सहकार्य करार : विषय निवडण्यापासून बाहेर पडण्याच्या कलमापर्यंत

हद्दीला हद्द लागून असलेल्या शहरांनी एखादे काम मिळून करावे, या कल्पनेला पहिल्या बैठकीत सहसा कोणाचाच विरोध नसतो. एकमताने ठराव होतो, छायाचित्रे निघतात आणि त्यानंतर कित्येकदा तो विषय वर्षानुवर्षे भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो. सदिच्छा कमी पडली म्हणून असे क्वचितच घडते. पैसे कोणी किती द्यायचे, निर्णयात कोणाच्या मताला किती वजन आणि पुढे पटले नाही तर बाहेर कसे पडायचे, हे तीन अप्रिय प्रश्न सुरुवातीच्या सलोख्याला धक्का नको म्हणून पुढे ढकलले जातात आणि काम अर्ध्यावर आल्यावर एकदमच समोर उभे राहतात. या प्रश्नांची उत्तरे पहिली निविदा निघण्याआधी कागदावर कशी आणावीत, हा या मार्गदर्शनाचा मुख्य विषय आहे. ते नगरपालिकांचे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि अशा करारांवर लक्ष ठेवणारे नागरिक यांच्यासाठी आहे. नगरपालिकांचा कायदा देशोदेशी वेगळा असल्यामुळे प्रत्यक्ष मसुदा विधी सल्लागाराच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. येथे सांगितलेला क्रम मात्र बहुतेक ठिकाणी लागू पडतो.

विषय आधी अरुंद करावा

सहकार्याचा विषय जितक्या व्यापक शब्दांत मांडावा, तितका तो हातातून निसटतो. ‘परिसराचा समन्वित विकास’ यावर करार करता येत नाही. ‘वरच्या शहराच्या नाल्यातून खालच्या शहरात येणारे प्रक्रिया न केलेले सांडपाणी’ यावर करता येतो, कारण तेथे ठिकाण निश्चित आहे, मोजमाप शक्य आहे आणि जबाबदार विभागही ठाऊक आहे. म्हणून पहिल्या टप्प्यात प्रत्येक शहराने आपल्या पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, रस्ते, अग्निशमन आणि आरोग्य विभागांकडून एकेक टिपणी मागवावी. गेल्या तीन वर्षांत आपल्याकडे आलेल्या कोणत्या तक्रारींचे मूळ हद्दीपलीकडे होते आणि शेजाऱ्याच्या कोणत्या तक्रारींचे मूळ आपल्या हद्दीत आहे, असे दोनच प्रश्न त्या टिपणीत असावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून द्यायला कोणताही विभाग नाखूश असतो. पण ते उत्तर नसेल, तर हाती उरते ती केवळ गाऱ्हाण्यांची यादी.

या टिपण्या शेजारी शेजारी ठेवल्या की कामांचे स्वरूप एकसारखे नसल्याचे दिसते. काही कामांत हद्द हेच दुखण्याचे कारण असते : नदीचे पाणी, सांडपाणी, धूर, डासांची पैदास आणि एका शहरात राहून दुसऱ्यात कामाला जाणाऱ्यांची वाहतूक. काही कामांत प्रश्न केवळ आकारमानाचा असतो. एकट्या लहान शहराला स्वतःची पाणी तपासणी प्रयोगशाळा किंवा उंच इमारतींसाठी शिडीची अग्निशमन गाडी परवडत नाही. तीन शहरांना मिळून परवडते. आणि काही कामे एकत्र करून कोणाचेच काही साधत नाही, हेही मोकळेपणाने मान्य करावे. पुढे २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील अनेक शहरी पट्ट्यांच्या पोलीस व्यवस्थेचा अभ्यास केला. गस्त घालणे, तक्रारीला धावून जाणे अशा रस्त्यावरच्या कामांत लहान आणि मध्यम आकाराची पोलीस दले मोठ्या दलांपेक्षा कमी पडत नव्हती, बरेचदा सरसच होती. गुन्हे प्रयोगशाळा, प्रशिक्षण आणि नियंत्रण कक्ष यांच्या बाबतीत मात्र मोठ्या पट्ट्यासाठी मिळून केलेली व्यवस्था फायद्याची ठरत होती. हा निष्कर्ष इतर सेवांनाही बराचसा लागू पडतो असे माझे मत आहे. नागरिकाशी रोज समोरासमोर गाठ पडते ते काम शक्यतो ज्या त्या शहराकडे राहू द्यावे. महागडी यंत्रसामग्री आणि दुर्मिळ तज्ज्ञ लागतात ते काम एकत्र करावे.

पहिला करार वर्षभरात निकाल दिसेल अशा कामाचा असावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही. जलशुद्धीकरणाच्या रसायनांची एकत्रित खरेदी किंवा हद्दीवरच्या रस्त्याची देखभाल यांसारख्या लहान कामातून दोन्हीकडच्या अभियंत्यांना आणि लेखा विभागांना एकमेकांच्या कामाची पद्धत कळते. मात्र मूळ दुखणे मोठे असेल तर लहान कामाच्या आड लपता येत नाही. जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एम्शर नदीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कोळसा खाणींमुळे जमीन खचत गेली, नदीचा उतार बिघडला आणि अनेक शहरांचे मैलापाणी जागोजागी तुंबू लागले. प्रत्येक शहर आपले पाणी पुढच्या शहरात ढकलत होते. अखेर १८९९ साली शहरे, खाणी आणि कारखाने यांनी मिळून बोखुम येथे ‘एम्शरगेनोसेनशाफ्ट’ ही जलसंस्था स्थापन केली. १९०४ मध्ये तिच्यासाठी खास कायदा झाला. ज्याच्यामुळे काम वाढते आणि ज्याला कामाचा लाभ मिळतो, त्याने त्या प्रमाणात वर्गणी द्यावी, असे तिचे तत्त्व होते. जमीन खचत असेपर्यंत भूमिगत वाहिन्या टिकणार नव्हत्या, म्हणून संस्थेने नदीचाच बांधीव उघडा नाला केला. खाणी त्या भागातून उत्तरेकडे सरकल्यानंतर १९९२ पासून भूमिगत वाहिन्या घालून नदी पूर्ववत करण्याचे काम त्याच संस्थेने हाती घेतले आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी सोडणे थांबले. उपाय बदलला, वर्गणीचे तत्त्व आणि सदस्यत्वाची चौकट टिकली. म्हणूनच दुसरा उपाय करायला नवी संस्था उभारावी लागली नाही.

मोजमापावर आधी एकमत

पैशाची चर्चा सुरू होण्याआधी आकडे दोघांनाही मान्य असले पाहिजेत. वरच्या शहराचा अभियंता म्हणतो पाणी प्रक्रिया करूनच सोडले जाते, खालच्या शहराचा म्हणतो काळे पाणी येते, आणि दोघांकडेही प्रयोगशाळेचा अहवाल असतो. यावर उपाय म्हणजे संयुक्त नमुना. हद्दीवरचे एक ठिकाण दोघांनी मिळून ठरवावे; तेथे दोन्ही शहरांच्या प्रतिनिधींसमोर एकाच वेळी एकाच भांड्यात पाणी घेऊन तीन बाटल्यांत वाटावे, तिन्हींवर दोघांच्या सह्यांची मोहोर लावावी. एकेक बाटली प्रत्येकाच्या प्रयोगशाळेकडे जावी आणि तिसरी नीट साठवून ठेवावी; पहिल्या दोन अहवालांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक आला तरच ती दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. काही घटक काही तासांतच बदलतात, म्हणून कोणती चाचणी किती वेळात व्हायला हवी, हेही त्याच कागदावर लिहावे. नमुना भर दुपारी आणि पहाटे, कोरड्या दिवसांत आणि पावसाळ्यात अशा सर्व वेळी घ्यावा; एकाच वेळच्या नमुन्यावर केलेला करार पहिल्याच पावसात वादात सापडतो.

मोजमापाइतकेच महत्त्व मानकांना आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या मध्यवर्ती भागाला आग लागली, तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब मदतीला आले. मदतीची इच्छा होती, माणसे होती, यंत्रे होती. पण बाहेरून आलेल्या बऱ्याच नळ्यांच्या जोडांचे आटे बाल्टिमोरच्या अग्निशमन नळांना बसत नव्हते. दीड हजारांच्या आसपास इमारती जळाल्या आणि त्यानंतर जोडांचे राष्ट्रीय मानक ठरवण्यात आले. तरीही १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, तेव्हा तेथील नळांचे तोंड तीन इंची आणि शेजाऱ्यांच्या नळ्या अडीच इंची, म्हणून मदतीला आलेल्यांना मधले जोड शोधावे लागले. या दोन आगींमध्ये सत्त्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. परस्पर मदतीच्या करारावर सह्या करण्याआधी दोन्ही शहरांच्या एकेका बंबाला शेजारच्या शहरात नेऊन तेथील नळाला प्रत्यक्ष जोडून पाहावे, दोन्ही दलांचे बिनतारी संच एकाच वारंवारितेवर बोलतात का ते ऐकावे, आणि मगच पुढच्या कलमाकडे वळावे. बसचे तिकीट, मालमत्तांचे नकाशे, तक्रारींची नोंद करणारी संगणक प्रणाली यांनाही हाच न्याय लावावा.

कोणत्या स्वरूपाचा करार

येथे पर्याय मोजकेच आहेत. सामंजस्याचा मसुदा हा सर्वांत हलका प्रकार. माहितीची देवाणघेवाण, नियमित बैठका, संयुक्त पाहणी यांसाठी तो पुरतो, पैसा हलायचा असेल तर पुरत नाही. दुसरा प्रकार सेवा विकत घेण्याचा. कॅलिफोर्नियातील लेकवुड शहराने १९५४ साली स्वतंत्र नगरपालिका स्थापन करतानाच पोलीस आणि इतर अनेक सेवा लॉस एंजेलिस काउंटीकडून (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) कराराने घेतल्या, आणि पुढे त्या परिसरातील कित्येक नव्या शहरांनी तीच वाट धरली. तिसऱ्या प्रकारात एखादे मोठे शहर यजमान होते आणि बाकीच्यांच्या वतीने काम करते; कर्मचारी त्याचेच, खर्च सर्वांचा. चौथ्या प्रकारात स्वतंत्र संयुक्त संस्था उभी राहते. सुमारे पस्तीस हजार कम्यून (गाव किंवा शहर पातळीवरच्या स्थानिक संस्था) असलेल्या फ्रान्समध्ये अशा संयुक्त मंडळांना १८९० च्या कायद्याने मान्यता मिळाली, आणि १९६६ च्या कायद्याने बोर्दो, लील, लियाँ आणि स्ट्रासबूर येथे शासनानेच नागरी समुदाय, म्हणजे अनेक कम्यूनांच्या संयुक्त संस्था, स्थापन केले. युरोप परिषदेच्या १९८५ च्या स्थानिक स्वशासन सनदेच्या दहाव्या कलमातही समान हिताच्या कामांसाठी एकत्र येण्याचा स्थानिक संस्थांचा हक्क नमूद आहे.

निवड करताना एकच कसोटी उपयोगी पडते : सामाईक मालकीची, दीर्घकाळ टिकणारी मालमत्ता निर्माण होणार आहे का? होणार असेल, तर स्वतंत्र संस्थेचा त्रास पत्करावा, कारण तीस वर्षे चालणारे केंद्र कोणाच्या ताळेबंदात आहे हे संदिग्ध ठेवता येत नाही. होणार नसेल, तर सेवा विकत घेण्याचा साधा करार पुरे. प्रत्येक विषयासाठी नवी संस्था काढण्याची हौस मात्र टाळावी. पाच संस्था, पाच कार्यालये आणि पाच लेखापरीक्षणे झाली की बचतीचा मुद्दाच निकालात निघतो.

पैशाचे सूत्र

खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात करावी, ही सूचना सर्वांत आधी येते आणि ऐकायला न्याय्य वाटते. पण जनगणना जुनी होते, लोकसंख्येत कारखाने मोजले जात नाहीत, आणि कमी लोकवस्तीचे औद्योगिक शहर सर्वाधिक सांडपाणी सोडून सर्वांत कमी पैसे देते. त्यापेक्षा खर्चाचे दोन भाग करून प्रत्येकाला वेगळे सूत्र लावावे. केंद्राचे बांधकाम, कर्जफेड, कायम कर्मचारी हा स्थिर खर्च प्रत्येकाने राखून ठेवलेल्या क्षमतेच्या प्रमाणात वाटावा. वीज, रसायने, गाळाची विल्हेवाट हा बदलता खर्च प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात.

समजा, तीन शहरांनी मिळून दररोज ६० दशलक्ष लिटर क्षमतेचे मलनिस्सारण केंद्र बांधले. पहिल्याने ३०, दुसऱ्याने १८ आणि तिसऱ्याने १२ दशलक्ष लिटर क्षमता राखून ठेवली. वर्षाचा स्थिर खर्च १०० एकके आणि बदलता खर्च ८० एकके आहे. पहिल्या शहराची वाढ अपेक्षेप्रमाणे झाली नाही आणि त्याच्याकडून प्रत्यक्षात २० दशलक्ष लिटरच पाणी आले. बाकीच्या दोघांनी आपापली पूर्ण क्षमता वापरली. वरच्या सूत्राने पहिल्याला स्थिर खर्चाचे ५० आणि बदलत्या खर्चाचे ३२ असे ८२ एकके द्यावे लागतात, दुसऱ्याला ५८.८ आणि तिसऱ्याला ३९.२. सगळाच खर्च वापरावर वाटला असता, तर हेच आकडे ७२, ६४.८ आणि ४३.२ झाले असते. म्हणजे पहिल्याने अडवून ठेवलेल्या रिकाम्या क्षमतेचा १० एककांचा भार उरलेल्या दोघांच्या करदात्यांनी उचलला असता. ही आकडेमोड सभागृहापुढे अशीच, प्रत्येकाच्या नावापुढे अंक लिहून मांडावी. पहिले शहर कुरकुर करणारच. त्याला न वापरलेली क्षमता दुसऱ्याला भाड्याने देण्याची मुभा करारात ठेवली, की बहुतेक वेळा तोडगा निघतो.

मापक (मीटर) बिघडला तर काय, हे कलम हमखास राहून जाते. हद्दीवरच्या प्रत्येक जोडणीवर मापक कोणाच्या मालकीचा, त्याची तपासणी दर किती महिन्यांनी आणि कोणासमोर, तो बंद पडल्यास देयक कोणत्या आधारावर, हे लिहून ठेवावे. मागील वर्षीच्या त्याच ऋतूतील सरासरी धरणे हा सोपा मार्ग आहे. नुकत्याच सरलेल्या महिन्याची सरासरी धरल्यास पावसाळ्याच्या तोंडावर मापक बिघडण्याचे प्रमाण संशयास्पदरीत्या वाढते. यांखेरीज घसारा निधी, वर्गणी थकल्यास व्याज, आणि आगाऊ हप्ता किती महिन्यांचा, या तीन बाबी ठरल्या की पैशाचे प्रकरण बरेचसे मार्गी लागते.

सूत्र याहून धाडसीही असू शकते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १९७१ साली केलेल्या कायद्यानुसार मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या सात काउंटींच्या परिसरात व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर झालेल्या वाढीपैकी ४० टक्के भाग सामाईक खात्यात धरला जातो आणि लोकसंख्या व आर्थिक कुवत पाहून पुन्हा वाटला जातो. एखादा कारखाना आपल्याच हद्दीत यावा म्हणून शेजाऱ्यांनी एकमेकांवर सवलतींची कुरघोडी करण्याचे कारण त्यामुळे कमी होते. मात्र तो राज्याच्या कायद्याने आलेला उपाय आहे. वाढीचा वाटा स्वखुशीने सोडायला श्रीमंत शहर तयार होईल, अशा भरवशावर करार बेतू नये.

मतांचे वजन

प्रत्येक शहराला एक मत दिले तर मोठे शहर पैसे देऊन अल्पमतात जाते. लोकसंख्येप्रमाणे मते दिली तर लहान शहरे केवळ हजेरीपुरती उरतात. दोन्ही टोके टाळण्याच्या रीती ठिकठिकाणी वापरात आहेत. कॅनडातील मेट्रो व्हँकूव्हर या प्रादेशिक संस्थेत दर वीस हजार लोकसंख्येमागे एक मत मिळते, पण कोणत्याही एका संचालकाकडे पाचांहून अधिक मते जात नाहीत. मोठ्या शहराला अधिक संचालक मिळतात. फ्लोरिडातील टँपा बे परिसरात पाण्यावरून अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले होते, कारण एका काउंटीच्या विहिरींच्या क्षेत्रातून दुसरीकडची शहरे पाणी उपसत होती आणि उपशाच्या भागातली तळी व पाणथळी आटत होत्या. १९९८ साली तीन काउंटी आणि तीन शहरे यांनी ‘टँपा बे वॉटर’ स्थापन केली. प्रत्येक काउंटीचे दोन आणि प्रत्येक शहराचा एक, असे नऊ जणांचे मंडळ झाले; सदस्यांनी आपापली पाण्याची साधने संस्थेच्या हवाली केली आणि घाऊक पाण्याचा दर सर्वांना एकच ठरला. पाणी कोणाच्या जमिनीतले, हा भांडणाचा मूळ मुद्दाच त्यामुळे बाजूला पडला.

मसुदा लिहिताना निर्णयांचे दोन वर्ग पाडावेत. रोजची खरेदी, नेमणुका, दुरुस्ती साध्या बहुमताने व्हावी. दर, अंदाजपत्रक, कर्ज, नवा सदस्य यांसाठी विशेष बहुमत असावे. डेट्रॉइट परिसरातील ‘ग्रेट लेक्स वॉटर अथॉरिटी’ या प्रादेशिक जलसंस्थेच्या सहा जणांच्या मंडळात अशा मोठ्या निर्णयांना पाच मते लागतात, आणि डेट्रॉइटचे सदस्य दोन असल्याने यंत्रणेचे मूळ मालक असलेल्या या शहराला डावलून असे निर्णय होत नाहीत. सर्वसंमतीची अट मात्र शक्यतो घालू नये. ती सर्वांत लहान सदस्याला संपूर्ण काम अडवण्याची किल्ली देते, आणि कधी ना कधी ती किल्ली फिरवली जाते. गणपूर्ती मोजताना केवळ माणसे मोजू नयेत, किमान किती शहरांचे प्रतिनिधी हजर हवेत तेही लिहावे.

सभागृहाला विसरू नये

संयुक्त संस्थेवरचा सर्वांत रास्त आक्षेप हा, की तिथे गेलेला प्रतिनिधी हळूहळू आपल्या सभागृहाला बांधील न राहता त्या मंडळाचाच होऊन जातो, आणि मतदाराला जाब विचारायला कोणी सापडत नाही. नेदरलँड्समध्ये नगरपालिकांच्या संयुक्त व्यवस्थांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार संयुक्त संस्थेने आपल्या अंदाजपत्रकाचा मसुदा मंजुरीपूर्वी सदस्य शहरांच्या सभागृहांकडे मत मागवण्यासाठी पाठवावा लागतो. कायद्याची सक्ती नसली तरी हे कलम करारात घालावे आणि सभागृहांना मतप्रदर्शनासाठी काही आठवड्यांचा ठोस अवधी द्यावा; बैठकीच्या आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या कागदांवर मत मागवणे म्हणजे वाटाण्याच्या अक्षता लावणे होय. बैठकीचे इतिवृत्त सर्व शहरांच्या संकेतस्थळांवर एकाच दिवशी यावे. प्रतिनिधी निवडताना एक सत्ताधारी आणि एक विरोधी गटातील असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण निवडणुकीनंतर सत्ता बदलली तरी कराराचा इतिहास माहीत असलेला कोणीतरी सभागृहात उरतो.

नागरिकाच्या बाजूने पाहिले तर गरज एकच असते : तक्रार कोठे करायची ते त्याला कळावे. हद्दीवरच्या रस्त्यावर राहणाऱ्याला दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात, हा अनुभव पाचवीला पुजलेला असतो. म्हणून तक्रार कोणत्याही शहरात नोंदवली तरी तिला एकच क्रमांक मिळावा, ती योग्य विभागाकडे पोचवण्याची जबाबदारी प्रथम नोंद घेणाऱ्या कार्यालयाची असावी, आणि निपटाऱ्याची कळवणीही त्याच कार्यालयाने करावी.

वाद आणि बाहेर पडणे

वाद झाल्यास आधी दोन्ही शहरांच्या मुख्य अभियंत्यांनी, मग प्रशासकीय प्रमुखांनी, मग ठरलेल्या मध्यस्थाने आणि शेवटी लवादाने किंवा न्यायालयाने तो हाताळावा, आणि प्रत्येक पायरीला दिवसांची मर्यादा असावी. वाद चालू असताना सेवा थांबणार नाही आणि वादग्रस्त नसलेल्या रकमेचा भरणा सुरू राहील, ही दोन वाक्ये करारात जशीच्या तशी हवीत.

बाहेर पडण्याच्या कलमाकडे करार करताना कोणी पाहू इच्छीत नाही. मिशिगनमधील फ्लिंट शहर १९६७ पासून डेट्रॉइटकडून शुद्ध केलेले पाणी विकत घेत होते. २०१३ साली फ्लिंटने दुसऱ्या, तेव्हा बांधायच्या असलेल्या प्रादेशिक जलवाहिनीत सामील होण्याचे ठरवले. डेट्रॉइटने करार संपवण्याची एक वर्षाची सूचना दिली. एप्रिल २०१४ मध्ये मुदत संपली तेव्हा नवी वाहिनी तयार नव्हती. शहराचा कारभार त्या वेळी राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या हाती होता. मधल्या काळासाठी फ्लिंट नदीचे पाणी शहरातल्याच जुन्या केंद्रात शुद्ध करून पुरवले गेले, पण नळांचे गंजणे रोखणारी प्रक्रिया त्यावर केली गेली नाही, आणि जुन्या नळांतले शिसे घराघरांतल्या पाण्यात उतरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले. शिशाच्या विषबाधेची कारणे आणि जबाबदाऱ्या अनेक आहेत. कराराच्या दृष्टीने पाहण्याची गोष्ट एवढीच, की सूचनेची मुदत एक वर्षाची होती आणि पर्याय उभा राहायला त्याहून अधिक काळ लागणार होता.

सूचनेची मुदत ठरवताना म्हणूनच कॅलेंडरकडे न पाहता अभियंत्याला विचारावे : हा सदस्य बाहेर पडला, तर त्याला स्वतःची सोय करायला आणि उरलेल्यांना त्याच्या वाट्याची भरपाई करायला प्रत्यक्षात किती काळ लागेल? सांडपाणी केंद्राच्या बाबतीत हे उत्तर पाच वर्षांचेही असू शकते, रसायनांच्या एकत्रित खरेदीत एका आर्थिक वर्षाचे. पर्यायी सोय सुरू होऊन तिच्या पाण्याची किंवा सेवेची चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत जुना पुरवठा ठरलेल्या दराने चालू राहील, असे स्वतंत्र वाक्य असावे. बाहेर पडणाऱ्याने आपल्या हिश्शाचे उरलेले कर्ज फेडावे. त्याच्या भांडवली वाट्याचे मूल्य घसारा वजा करून कोणी ठरवायचे आणि ते त्याला एकरकमी मिळणार की हप्त्यांनी, हे आधीच ठरवावे. मूळ मालमत्ता एकाच शहराची असेल तर तिची विक्री करण्याऐवजी भाडेपट्टा करता येतो : ग्रेट लेक्स वॉटर अथॉरिटीने २०१६ पासून डेट्रॉइटची प्रादेशिक यंत्रणा चाळीस वर्षांसाठी, वर्षाला पाच कोटी डॉलर भाड्याने चालवायला घेतली आणि मालकी शहराकडेच राहिली. कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन कोणाकडे जाईल, जमिनीखालच्या वाहिन्यांचे नकाशे आणि दुरुस्तीच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील, आणि त्यांची एक प्रत दर वर्षी प्रत्येक सदस्याला मिळते की नाही, हे कलमाच्या परिशिष्टात लिहावे. नकाशांची प्रत प्रत्येक शहराच्या अभियंत्याने पोच देऊन घेतल्याशिवाय वार्षिक वर्गणीचे देयक निघू नये, अशी अट घातली तर ते काम खरोखर होते.